कोऱ्या पानावर श्री

ब्राउझर बंद पडला की माणूस आधी तेच बटण पुन्हा दाबतो. मग जरा जोरात दाबतो. मग शेजारच्याला विचारतो, "तुझं चालू आहे का रे?" आणि शेजारच्याचं चालू आहे म्हटल्यावर त्याचा जो जळफळाट होतो, तो सगळा सिस्टीमवाल्यावर निघतो. रणजित निकमने नोकरीची सगळी वर्षं हा जळफळाट ऐकण्यात काढली होती. त्याच्याकडे उपाय एकच होता, बंद करून परत चालू करणं, आणि बहुतेक वेळा तोच लागू पडायचा. नाही पडला तर तो कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे बघत बसायचा. तेवढ्यात आपोआप चालू व्हायचं आणि श्रेय त्याला मिळायचं.

त्या दिवशी मात्र हाक मारणारी त्याची बायकोच होती.

"अहो, जरा बघता का? परत कोरं पान आलंय."

मिरजेच्या विषबाधा सल्ला केंद्रात दोघं एकाच मजल्यावर काम करायची. "मी सिस्टीम सांभाळतो, शैला साप सांभाळते," असं तो पाहुण्यांना सांगायचा. खरा साप दिसला तर शैलजा खुर्चीवर चढायची, ती गोष्ट वेगळी. पण जखमेचा फोटो बघून आणि पेशंटचे हाल ऐकून साप कुठला ते सांगणारी तिच्यासारखी सल्लागार आसपासच्या जिल्ह्यांत दुसरी नव्हती. खेड्यापाड्यांतले डॉक्टर फोन लावल्यावर आधी विचारायचे, "निकम मॅडम आहेत का ड्युटीवर?" आहेत म्हटलं की त्यांचा आवाज निम्म्याने खाली यायचा.

पूर्वी सापाच्या लशीची एकच बाटली असे, मुख्य विषारी सापांना मिळून. पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की एकाच जातीच्या सापाचं विषसुद्धा मुलूख बदलला की बदलतं. मग प्रयोगशाळांतून प्रत्येक सापासाठी आणि प्रत्येक मुलखासाठी वेगळी लस निघायला लागली. योग्य लस वेळेत मिळाली की माणूस हां हां म्हणता उठून बसायचा. चुकीची दिली तर आधीच्या विषात भर पडायची. म्हणून गावोगावच्या दवाखान्यांत लशींची कपाटं कुलूपबंद होती आणि त्यांची किल्ली मिरजेत होती. सल्लागाराने ब्राउझरमध्ये साप निवडून आदेश पाठवला की तिकडे नेमका तेवढाच कप्पा उघडायचा. ब्राउझर बंद म्हणजे कपाट बंद. कपाट बंद म्हणजे उसाच्या फडातून उचलून आणलेलं कुणीतरी तिकडे खाटेवर पडून आहे आणि औषध हातभर अंतरावर असून मिळत नाही.

रणजितने बंद करून चालू केलं. साठलेला सगळा कचरा पुसला, ब्राउझर काढून नवा टाकला, केबल बदलली. पान कोरंच. तेवढ्यात केंद्राच्या प्रमुख डॉ. शबाना तांबोळी चहाचा कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरा बघू मॅडम, माझा हात लागला की चालतं." त्या शैलजाच्या खुर्चीत बसल्या आणि खरोखरच सगळं उघडलं. त्या हसल्या, शैलजाही हसली. मग शैलजा तांबोळींच्या टेबलाशी जाऊन बसली, तर तिथे पान कोरं.

रणजित हसला नाही. बिघाड टेबलाचा नव्हता. शैलजा जिथे जाईल तिथे तो तिच्याबरोबर जात होता.

*

पासवर्ड इतिहासजमा होऊन बरीच वर्षं लोटली होती. चेहरा आणि आवाज यांचाही भरवसा राहिला नव्हता, कारण यंत्रं कुणाचाही चेहरा नि आवाज हुबेहूब काढायला शिकली होती. चोरता न येणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे माणसाची लय. 'क' दाबल्यावर काना द्यायला बोट किती वेळ घेतं, जोडाक्षरापाशी कोण दम खातं, माउस सरळ नेतो की वळसा घेऊन, वाचताना नजर कुठे रेंगाळते. हजारो बारीकसारीक सवयींची ही लय दोन माणसांची सारखी नसते. ब्राउझर ती शिकून घ्यायचा आणि तुम्ही बसल्या बसल्या ओळखायचा. काही विचारायचा नाही, दार उघडून द्यायचा.

वय वाढेल तशी लय सावकाश बदलते. ब्राउझरही तिच्याबरोबर बदलतो. नवरा-बायको एकमेकांचं म्हातारपण नकळत पचवतात तसा. पण मेंदूला विसरण्याचा आजार जडला की ती निराळ्या तऱ्हेने मोडते. दमलेल्या माणसाचं बोट शब्दाच्या मध्ये थांबतं. या आजारात ते शब्दाच्या आधी थांबतं, आपण काय लिहायला बसलो होतो ते शोधत. डॉक्टरांच्या तपासणीत दिसण्याच्या कितीतरी आधी हे ब्राउझरला कळतं, असं बाहेर आलं तेव्हा मोठा गहजब झाला. नोकरी देणारे, विमावाले, मुलाला मुलगी बघणारे, सगळे ब्राउझरकडे चौकशीला जायला लागले. शेवटी कायदा झाला की यंत्राने माणसाच्या आजाराबद्दल कुणापाशी, अगदी त्या माणसापाशीही, अवाक्षर काढायचं नाही.

कंपन्यांनी कायदा तंतोतंत पाळला. ओळख पटली नाही की ब्राउझर फक्त कोरं पान दाखवायचा. खाली एक ओळ यायची, 'पान उघडता आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.' नेट गेलं तरी हीच ओळ, उंदराने वायर कुरतडली तरी हीच. देशभरातले सिस्टीमवाले वायरी काढत-घालत बसले आणि हळूहळू त्यांच्यात एक शब्द रुळला. एखाद्या ऑफिसात एकाच माणसाचा ब्राउझर चालेना झाला की ते आपापसांत म्हणायचे, "कोरं पान आहे रे." म्हणजे मशीन बघू नको, माणूस बघ.

शैलजाला या शब्दाचा हा अर्थ माहीत नव्हता. तिने बापडीने जे दिसलं ते सांगितलं होतं.

*

रणजित केबल तपासण्याच्या निमित्ताने तिच्याशेजारी स्टूल ओढून बसला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोला टाइप करताना नीट पाहिलं.

तिची एक जुनी सवय होती. कोऱ्या पानावर आधी श्री लिहायचं. मराठी शाळेतल्या बाईंनी लावलेलं वळण. परीक्षेच्या पेपरावर श्री, वाण्याच्या यादीवर श्री, आणि ब्राउझर उघडला की वरच्या पट्टीत आधी श्री. लिहायचं, क्षणभर बघायचं, पुसायचं आणि कामाला लागायचं. ऑफिसात सगळे चिडवायचे की निकम मॅडमचा ब्राउझर नमस्कार केल्याशिवाय चालत नाही. ती म्हणायची, "तुमचा शिव्या घातल्याशिवाय चालत नाही, त्यापेक्षा बरं की."

आताही तिने श्री लिहिलं आणि पुसलं. मग तिचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. नजर खिडकीबाहेर गेली, तिथे काही नव्हतं. नजर परत आली, समोर कोरं पान दिसलं, आणि तिने श्री लिहिलं. पुसलं. हात थांबला. नजर खिडकीकडे गेली. परत आली. श्री.

तिची सकाळ पुढे सरकत नव्हती. ती परत परत सुरूच होत होती.

"काय बघताय एवढं?" शैलजाने विचारलं.

"काही नाही. केबल बघतोय."

त्याने वाकून केबल काढली आणि परत घातली.

घरी गेल्यावर तो विषय काढणार नव्हता. तिनेच काढला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "परवा मला घोणस शब्द आठवेना. फोनवर डॉक्टर वाट बघतोय आणि माझ्या तोंडात शब्दच येईना. घोणस हो! चोवीस तास जिचं नाव घेते ती."

"मग?"

"मग काय, यादीतलं चित्र बघून आदेश पाठवला. बरोबर पाठवला, नंतर तपासलं मी." मेथीची जुडी तिने उगीचच घट्ट धरली होती. "मला कळत नाही असं समजू नका. ते कोरं पान बिघाडाचं नाही, एवढं मला तुमच्या तोंडावर दिसतंय."

रणजितने निवडलेल्या भाजीचं ताट उगीचच जवळ ओढलं.

"घरी बसवू नका मला एवढ्यात," ती म्हणाली. "उसाचा हंगाम संपू दे. हंगामात माणसं फडात राहतात, जमिनीवर झोपतात. त्यांना आता कुणी नवीन नको. हंगाम संपला की मी माझ्या पायांनी बाहेर येते, शप्पथ. आणि खरं सांगू? घरी बसले की मी कोण ते मलाच कळायचं नाही."

ती रडली असती तर कदाचित त्याने मन घट्ट केलं असतं. पण ती मेथी निवडत राहिली, आणि चांगल्या पानांबरोबर तिने पिवळी पानंही भाजीत टाकली. त्याने ती निमूटपणे वेचून काढली.

*

ओळख नव्याने शिकवायची सोय होती आणि तिचा अधिकार सिस्टीमवाल्याकडे होता. फक्त यंत्र कारण विचारायचं, आणि पर्याय दोनच होते. पहिला आजारपणाचा; त्याला डॉक्टरांचा दाखला लागायचा आणि दाखला द्यायचा म्हणजे शैलजाची खुर्ची त्याच दिवशी गेली. दुसरा पर्याय चोरीचा: 'जुनी ओळख परक्या व्यक्तीच्या हाती लागली आहे.' त्याला काही लागत नव्हतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुनी लय यापुढे चोराची समजली जाईल आणि तिला कोणत्याही टेबलावर प्रवेश मिळणार नाही. रणजितने ते वाचलं. जुनी शैला आता कुठली परत येतेय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने दुसरा पर्याय दाबला.

तो अगदीच बेजबाबदार माणूस नव्हता. तिच्या हातून चूक झाली तर माणूस मरेल, ही भीती त्याच्या मानगुटीवर बसली होती. म्हणून त्याने आणखी एक व्यवस्था केली. शैलजाचा प्रत्येक आदेश कपाटाकडे जाण्याआधी क्षणभर त्याच्या स्क्रीनवर थांबायचा. सगळी लक्षणं आणि साप तक्त्याशी ताडून बघायचे आणि खटकलं तर अडवायचं. थांबवण्याची कळ त्याच्याकडे होती, पाठवण्याची नव्हती. एक-दोनदा त्याने खरंच अडवलं. उठून तिच्याकडे जायचा आणि सहज म्हटल्यासारखं म्हणायचा, "शैला, एकदा परत बघतेस का?" ती बघायची, चूक दुरुस्त करायची आणि म्हणायची, "आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

नव्या शैलजाला ब्राउझरने आठवड्याभरात आपलंसं केलं. तिच्या सगळ्या थांब्यांसकट, खिडकीसकट, परत परतच्या श्रीसकट. पान आता पटकन उघडायचं. तांबोळी मॅडम म्हणाल्या, "काय जादू केलीत ओ निकम?" रणजित म्हणाला, "बंद करून चालू केलं." तांबोळींना ते खरं वाटलं, आणि आपण भारी डोकं चालवलं असं रणजितलाही मनातून वाटायला लागलं.

*

मग एक सकाळ अशी आली की शैलजा उठली तीच जुनी.

तिने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "दोनदा साखर टाकलीत. म्हातारे झालात." कपाटावरची धूळ तिला दिसली, त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं, पुतणीच्या वाढदिवसाला फोन करायचा राहिला तेही आठवलं. हा आजार मधूनच एखादा दिवस असा मोकळा सोडतो, हे रणजितने कुठेतरी वाचलं होतं. पण वाचलेलं कोण धरून बसतो? त्याला एवढा आनंद झाला की त्याने सुटी काढून औदुंबरला जायची टूम काढली. ती म्हणाली, "चला, उठा. ड्युटी आहे. तांबोळी मॅडम आज निकाहाला चालल्यात इचलकरंजीला, मी एकटीच आहे टेबलावर."

तिने खुर्चीत बसून श्री लिहिलं, पुसलं. तेवढ्यात फोन वाजला आणि तिने तो कानाशी न धरता स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मी डॉक्टर खरात, कोळेवाडीवरनं. फडावरनं एक बाई आणलीय, वैष्णवी नाव. पहाटेपासनं पोटात कळा येतायत. मी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, पण आता बोलताना जीभ जड झालीय तिची. चावलं-बिवलं काही नाही म्हणतात ओ."

"झोपली कुठं होती?"

"खोपीत. भुईवर."

"डोळे उघड म्हणा तिला."

पलीकडून खरात बाईला हाका मारताना ऐकू आला. मग खरात म्हणाला, "पापण्या वर होत नाहीत मॅडम."

"सूज शोधू नका, मिळायची नाही. मण्यार आहे. झोपेत चावते, दुखत नाही, कळतही नाही. श्वास उथळ झाला की अँबू बॅग लावून हाताने श्वास द्या आणि मोठ्या दवाखान्याला ॲम्ब्युलन्स सांगून ठेवा. तुम्ही कपाटापाशी उभे राहा. मी उघडते."

आपल्या टेबलावरून ऐकताना रणजितला भरून आलं. असं बोलताना त्याने तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिची बोटं कीबोर्डवर पळत होती, कुठे थांबा नाही, कुठे खिडकी नाही. तक्ता उघडून तो तिच्या आदेशाची वाट बघत बसला.

आदेश आला नाही. त्याच्या स्क्रीनवर एक लाल पट्टी आली: 'चोरलेल्या ओळखीने प्रवेशाचा प्रयत्न. टेबल बंद केलं आहे.'

"अहो," शैलजा म्हणाली. "पान गेलं."

तो धावत तिच्यापाशी गेला. काय झालंय ते त्याला कळलं होतं आणि ते कळलं नसतं तर बरं, असं वाटत होतं. त्याने टेबलावरची बंदी काढली, पण जुन्या लयीवर बसलेला चोराचा शिक्का काढायची सोय नव्हती. शैलजाने पुन्हा टाइप करायला घेतलं आणि पान पुन्हा पांढरं झालं.

"शैला, हळू टाइप कर."

"हळू? पेशंट आहे तिकडे!"

"ऐक माझं. हळू कर. रोज करतेस तशी."

"रोज कशी करते?"

"आधी श्री लिही."

तिने लिहिलं आणि पुसलं.

"आता परत लिही."

"आत्ता लिहिलं की."

"परत लिही गं. मग थांब. खिडकीकडे बघ. आणि परत श्री लिही."

तिची बोटं कीबोर्डवरच राहिली. तिने स्क्रीनकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. त्या दिवशी केबल तपासायच्या निमित्ताने त्याने तिच्याकडे बघितलं होतं, तसंच.

"मी असं करते?"

रणजितने नजर कीबोर्डकडे वळवली.

"रोज असं करते मी?"

"मॅडम," फोनमधून खरातचा आवाज आला, "कप्पा उघडला नाही ओ अजून."

शैलजाने मान फिरवली आणि सांगितल्याप्रमाणे करायला घेतलं. श्री लिहिलं, पुसलं. खिडकीकडे बघितलं. परत श्री लिहिलं. ती स्वतःच्याच आजाराची नक्कल करत होती आणि तिला ती जमत नव्हती. आपण काय करायला बसलोय हे विसरलेलं बोट कसं थांबतं, ते लख्ख आठवणाऱ्या बोटाला ठाऊक नव्हतं. पान कोरंच राहिलं. रणजितने शेजारच्या केंद्राला फोन लावला, तिथल्या सल्लागार दुसऱ्या पेशंटवर अडकल्या होत्या. तांबोळींचा फोन वाजत राहिला. निकाहाच्या गडबडीत तो पर्समध्ये होता.

"खरात, कपाट फोडा!" शैलजा ओरडली. "हातोडा, दगड, काय मिळेल ते घ्या. वरून तिसरा कप्पा!"

मग फोनमधून पत्र्यावर घाव घातल्याचे आवाज येत राहिले. कपाट पोलादाचं होतं आणि ते फोडता येऊ नये म्हणूनच बनवलं होतं.

शेवटी तांबोळींचा फोन आला. मांडवातल्या कुणाचा तरी लॅपटॉप घेऊन त्यांनी कप्पा उघडला. मेंदी लावलेल्या बोटांनाही ब्राउझरने बिनबोभाट ओळखलं. खरातने लस दिली, आणि बॅग दाबत दाबत तो स्वतः ॲम्ब्युलन्समधून निघाला. पण मण्यारीचं विष एकदा नसांना चिकटलं की लस फारसं काही करू शकत नाही. दुपारी त्याचा फोन आला. वैष्णवीने सांगलीच्या वाटेवरच प्राण सोडला होता.

*

शैलजाने फोनचा स्पीकर बंद केला. मग म्हणाली, "कारण काय दिलं होतंत मशीनला?"

रणजितने सांगितलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे चोर मी."

"मला वाटलं, जुनी तू आता परत यायची नाहीस."

"आले होते की," ती म्हणाली. "आज आले होते."

तो तिचा टेबलावरचा हात धरून हमसून हमसून रडायला लागला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण त्याचा हात झटकलाही नाही. आपला हात टेबलावर होता तसाच राहू दिला. थोड्या वेळाने तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि फोनवर डॉक्टरांशी बोलायची त्याच आवाजात बोलायला लागली.

"ऐका. हे लख्ख काही टिकायचं नाही, उद्यापर्यंत सुद्धा नाही कदाचित. तांबोळी मॅडमना आज सगळं सांगा. उद्या मी डबा घेऊन तयार होऊन येईन. भांडेन. रडेन सुद्धा. पण कुणाचा जीव माझ्या हाती देऊ नका."

"मी समजावून सांगेन तुला."

"काय सांगाल? की मी अशी झालेय आणि माझ्या टेबलावर बाई मेली? दुसऱ्या दिवशी मी विसरणार. मग परत सांगाल? मला रोज नव्याने कळणार, आणि रोज पहिल्यांदाच." तिचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला. "नका हो सांगू."

"मग म्हणू काय तुला?"

"ते तुम्ही बघा. सिस्टीमवाले ना तुम्ही."

संध्याकाळी केंद्रावर परतलेल्या तांबोळींनी सगळं ऐकून घेतलं. त्या रणजितवर चिडल्या आणि मग तोंडाला ओढणी लावून रडल्या. चौकशी होणार होती, त्याची नोकरी जाणार होती, ते दोघांनाही माहीत होतं. शैलजाच्या टेबलाचा फोन त्यांनी तिथल्या तिथे काढायला लावला. एवढंच म्हणाल्या, "उद्या त्यांना एकदम दारातून परत पाठवू नका निकम. बसू दे थोडा वेळ."

दुसऱ्या दिवशी शैलजा डबा घेऊन आली. येताना रस्त्यात तिने दोनदा विचारलं की आज वार कुठला. खुर्चीत बसून तिने पदर सावरला, श्री लिहिलं, पुसलं. खिडकीकडे बघितलं. परत श्री लिहिलं. हीच ती, म्हणून ब्राउझरने तिला ताबडतोब ओळखलं आणि सगळी कपाटं तिच्यासमोर उघडी केली. मण्यार, घोणस, नाग, फुरसं. गावोगावचे सगळे कप्पे तिच्या एका बोटावर.

रणजित आपल्या टेबलावरून बघत होता. जे सांगायला कायद्याने यंत्राला बंदी होती, ते सांगायची बंदी त्याला आता तिनेच घातली होती. त्याने तिची ओळख कायमची पुसून टाकली.

"अहो," शैलजाने हाक मारली, "जरा बघता का? परत कोरं पान आलंय."

"आलो."

तो गेला आणि टेबलाखाली वाकला. तिच्या पायांशी बसून त्याने केबल काढली, परत घातली, परत काढली.

"काय झालंय हो?"

"नेटचा प्रॉब्लेम आहे."

"होईल ना नीट?"

"बघतो."

वर कीबोर्डचा आवाज येत होता. लिहिल्याचा, पुसल्याचा, मग काहीच नाही, मग पुन्हा लिहिल्याचा. आवाजावरूनच त्याला कळत होतं ती काय लिहितेय. त्याला टेबलाखालून बाहेर यावंसं वाटेना.

"लवकर बघा हो," शैलजा वरून म्हणाली. "कुणीतरी कपाटापाशी उभं आहे."